तीन हापूस आणि बत्तीस हजार

मे महिन्यात आमच्या शेजारच्या पडवीत आंब्याचा काटा मांडलेला असतो. एका बाजूला गवतात घातलेली अढी, दुसऱ्या बाजूला खोके, आणि मधोमध तो बॅटरीवर चालणारा काटा. यंदा त्या काट्यावर मी दोन लॅपटॉप ठेवले.

शेजाऱ्यांची लेक बारावी झाली. पुण्याला शिकायला जाणार, म्हणजे लॅपटॉप हवाच. मी दिवसभर डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, वार्षिकांक. त्यामुळे आळीत अशी समजूत आहे की मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. शेजारी एका कागदावर दोन मॉडेलं लिहून घेऊन आले. एक १५.६ इंची, ३८ हजारांचं. दुसरं १४ इंची, ७० हजारांचं. बापाचं म्हणणं, मोठं आणि वर स्वस्त, मग विचार कसला करायचा? लेकीचं म्हणणं, सगळ्यांकडे पातळच असतात.

मी माझा जुना १५.६ इंची आणून काट्यावर ठेवला, वर त्याचा चार्जर. २ किलो २०० ग्रॅम. मग मुंबईहून सुट्टीला आलेल्या भाच्याचा १४ इंची, चार्जरसकट. दीड किलोला जेमतेम दहा ग्रॅम कमी. फरक ७१० ग्रॅमचा. शेजाऱ्यांनी शेजारच्या ढिगातले तीन मध्यम हापूस उचलून काट्यावर ठेवले. ७१५. “बत्तीस हजाराला तीन आंबे? वाशीच्या बाजारातसुद्धा मला असा दर कधी मिळाला नाही!”

हसलो सगळे. पण खरेदीचा प्रश्न नेमका तिथेच सुरू होतो. जाहिरातीत वजन दिलेलं असतं, ते नुसत्या लॅपटॉपचं. चार्जरची वीट आणि तिची जाड वायर त्यात धरलेली नसते, आणि स्वस्त मोठ्या लॅपटॉपबरोबर ती वीट जवळजवळ रोज न्यावी लागते, कारण बॅटरी तेवढी पुरत नाही. तेव्हा वजन विचारायचं ते नेहमी चार्जरसकट. आणि त्याहून महत्त्वाचं, वजन किती हे विचारण्याआधी उचलणार किती वेळा ते विचारायचं.

हिशेब सोपा आहे. पुण्याला राहणारी मुलगी आठवड्यातले पाच दिवस, वर्षातले चाळीस आठवडे लॅपटॉप पाठीवर घेऊन जाणार. म्हणजे वर्षाला २०० दिवस, चार वर्षांत ८००. बत्तीस हजारांचा फरक आठशेंनी भागला की दिवसाला ४० रुपये. त्यात पाठ, खांदा आणि दिवसभर प्लग शोधत न फिरण्याचं सुख आलं. आता हाच लॅपटॉप रत्नागिरीत नाचणे भागात घरी राहून शिकणाऱ्या मुलासाठी घेतला आणि तो प्रोजेक्टच्या दिवसांत वर्षातून वीस वेळा बाहेर गेला, तर चार वर्षांत ८० वेळा. प्रत्येक वेळेला ४०० रुपये पडले. चारशे रुपयांत त्याला रिक्षाने सोडून परत आणता येईल. एवढं करून सुटे पैसेही उरतील.

म्हणून रत्नागिरीतच राहणाऱ्या बहुतेकांना माझा सल्ला मोठ्या लॅपटॉपचाच असतो. शासकीय तंत्रनिकेतनात किंवा फिनोलेक्स अकादमीत शिकणारा, संध्याकाळी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर बसणारा मुलगा. आंब्याची बिलं, जीएसटी, पेट्यांची नोंद करणारा बागायतदार. घरून शिकवण्या घेणाऱ्या बाई. यांच्या लॅपटॉपचा प्रवास टेबलावरून पलंगावर आणि पलंगावरून टेबलावर. त्यांनी हलकेपणासाठी पैसे मोजू नयेत. मात्र वाचलेले सगळे पैसे खिशातही घालू नयेत, कारण ‘मोठा’ आणि ‘सगळ्यात स्वस्त’ हे दोन शब्द दुकानात एकत्र येतात तिथे गडबड असते. त्याकडे येतोच.

आधी मोठेपणाचं बघू. १५.६ हा आकडा पडद्याच्या कर्णाचा. रुंदी-उंचीचं प्रमाण वेगळं असलं की कर्ण फसवतो. नेहमीचा १५.६ इंची पडदा साधारण ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ सेंटिमीटर उंच असतो. हल्ली बरेच १४ इंची पडदे थोडे चौकोनी, १६ला १० या प्रमाणातले येतात. त्यांची रुंदी ३०.१ आणि उंची १८.८. म्हणजे उंचीत फरक अर्ध्या सेंटिमीटरचा! वर गंमत अशी, की मोठ्यावर ठिपक्यांच्या १०८० ओळी असतात आणि छोट्यावर १२००. पानभर मजकूर वाचायचा असेल तर छोट्या पडद्यावर दोन ओळी जास्तच मावतात, फक्त अक्षर बारीक दिसतं.

पण हे ‘फक्त’ मराठी लिहिणाऱ्याला जड जातं. इंग्रजी अक्षर बारीक झालं तरी चालून जातं. देवनागरीत मात्रा, अनुस्वार, रफार, पोटातली जोडाक्षरं, सगळं एकाच अक्षराच्या वर-खाली-मध्ये कोंबलेलं. ‘दृष्टी’ आणि ‘दृष्टीं’मधला ठिपका प्रुफाच्या वेळी १४ इंची पडद्यावर माझ्या पन्नाशीच्या डोळ्यांना दिसत नाही. मग अक्षर मोठं करा, म्हणजे त्या जादा ओळी गेल्या. चाळिशी लागलेल्या माणसाने, शिक्षकाने, हिशेब लिहिणाऱ्याने मोठा पडदा घ्यावा, त्यात कमीपणा नाही. १५.६ इंचीच्या उजव्या अंगाला आकड्यांच्या बटणांचे वेगळे रकानेही असतात. टॅलीत दिवसभर रकमा टाकणाऱ्याला त्यांची किंमत विचारा. छोट्या लॅपटॉपला ते जवळजवळ कधीच नसतात. बाहेरून जोडायचा आकड्यांचा सुटा कीबोर्ड काही शेकड्यांत मिळतो खरा, पण तो नेमका हवा तेव्हा कपाटात असतो.

आता स्वस्ताईकडे. कंपनी मोठा लॅपटॉप स्वस्तात देते म्हणजे कुठेतरी हात आखडता घेते. कुठे, ते बघायची सवय लावून घ्या.

पहिली जागा पडदा. मोठा पण फिकट. उजेडाचं माप निट्समध्ये सांगतात. स्वस्तात २२० ते २५० निट्स असतात, बऱ्या पडद्यात ३०० ते ४००. आपल्याकडे पडवीत, खिडकीशी किंवा बाहेर अंगणात बसून काम करायची सवय, आणि एप्रिलचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. २५० निट्सच्या पडद्यात तुम्हाला एक्सेलच्या जागी स्वतःचा चेहरा दिसतो. ‘आयपीएस’ हा शब्द तपासा. तो नसेल तर थोडं बाजूला सरकलं की रंग उडतात. रंगासाठी ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं आढळलं तर पत्रिका, फोटो, कापडं यांचं काम करणाऱ्याने तो पडदा विसरावा. छापून आलेला लाल आणि पडद्यावरचा लाल यांची भेट कधी होणार नाही.

दुसरी जागा बिजागरी. माझ्या त्या जुन्या मोठ्याची डावी बिजागरी अडीच वर्षांत गेली. धातूची बिजागरी शाबूत, पण ती ज्या प्लॅस्टिकच्या बोंडांत स्क्रूने बसवलेली असते ती बोंडं फुटली. मोठा जड पडदा, पातळ प्लॅस्टिक, आणि एका कोपऱ्याला धरून झाकण उघडायची माझी सवय. तिन्ही मिळून हे व्हायचंच होतं. दुकानात गेलात की झाकण एका हाताने मधोमध धरून उघडा. खालचा भाग वर उचलला जातोय का, कडेला करकर आवाज येतोय का बघा. घरी मुलांना मधोमध धरूनच उघडायला शिकवा.

तिसरी जागा आतलं यंत्र. प्रोसेसरच्या नावात मोठ्ठा आकडा दिसला म्हणून नवीन समजू नका. एएमडीच्या सात हजारांच्या मालिकेत हजारचा आकडा नुसतं वर्ष सांगतो. खरी पिढी तिसऱ्या आकड्यात. ‘रायझेन ५ ७५२०यू’मधला दोन म्हणजे ‘झेन २’, ही रचना २०१९मध्ये बाजारात आलेली. ‘७५३०यू’मधला तीन म्हणजे तिच्या पुढची. दुकानात दोघांमध्ये फरक एका आकड्याचा दिसतो आणि ‘एकच आहे साहेब’ असं सांगितलं जातं. एकच नाही. ‘सेलेरॉन’ लिहिलेलं असेल तर ते वाचनालयाच्या नोंदींपुरतं ठीक, चार वर्षं शिकणाऱ्याला नको.

रॅम ८ जीबी म्हणजे आज जेमतेम. इथे मात्र मोठ्या स्वस्त लॅपटॉपची एक बाजू वरचढ आहे. त्याच्या पोटात जागा असते, त्यामुळे पुष्कळदा रॅमची एक रिकामी खाच मिळते आणि पुढच्या वर्षी पैसे हातात आले की वाढवता येते. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते. जी घेतली ती शेवटपर्यंत. तेव्हा छोटा घेणार असाल तर सुरुवातीलाच १६ जीबी घ्या. सत्तर हजार घालून ८ जीबीवर अडकलेले लोक माझ्याकडे येतात आणि मला त्यांना काही सांगता येत नाही.

आता बॅटरी. घरात बसूनच वापरायचाय, मग बॅटरीचं काय, असं पुण्यातला माणूस म्हणू शकेल. रत्नागिरीचा म्हणणार नाही. जूनमध्ये वारा सुटला, आंब्याची फांदी तारेवर आली की लाईट गेलीच. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत दिवसच्या दिवस अंधार होता. ती टोकाची गोष्ट, पण दुपारी तीनला गेलेली लाईट सहाला येणं हे आपलं नेहमीचंच. नेमकी त्याच दिवशी रिटर्न भरायची शेवटची तारीख असते.

बॅटरीचा आकडा ‘तास’ म्हणून लिहिलेला असतो तो सोडून द्या. बारीक अक्षरात वॉट-अवर शोधा. स्वस्त मोठ्यात ४०-४२ असतात, चांगल्या छोट्यात ५५ ते ७०. टायपिंग, थोडं इंटरनेट, मध्यम उजेड, एवढ्यावर मोठा लॅपटॉप दहा वॉट खातो असं धरा. ४१ला दहाने भागा, चार तास. तीन वर्षांत बॅटरीची ताकद पाव-तृतीयांश घटते, म्हणजे अडीच-तीन तास. छोट्याचा पडदा लहान, प्रोसेसर काटकसरी. सहा-सात वॉटवर भागतं. ६० वॉट-अवर असतील तर साडेआठ ते दहा तास. पातळ लॅपटॉपच्या जादा पैशांतला बराच भाग इथे गेलेला असतो, नुसत्या चकचकीत धातूत नव्हे.

मोठाच घेणार असाल तर या उणिवेवर तोड आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर निदान वायफायच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. हजार-दोन हजारांत येतो. कारण लाईट गेल्यावर लॅपटॉप तीन तास चालून उपयोग काय, इंटरनेट त्याच क्षणी गेलेलं असतं. आणि लॅपटॉप सदैव चार्जरलाच जोडलेला राहणार असेल तर कंपनीच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बघा. पावसाळा जवळ आला की ती काढून टाका.

चार्जरचं आणखी एक. स्वस्त मोठ्या लॅपटॉपला बहुधा गोल पिनेचा, त्या त्या कंपनीचा चार्जर असतो. तो जळला की आपल्या गावात तसाच मिळेल याची खात्री नाही. मागवून येईपर्यंत चार दिवस हातावर हात. छोट्या महागड्यांत यूएसबी-सी चार्जिंग असतं, मोबाईलसारखं. दुसऱ्या कोणाचाही ६५ वॉटचा चार्जर चालतो. मात्र सी टाइपचं भोक दिसलं म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. काहींत ते नुसतं पेनड्राइव्हपुरतं असतं. ‘पॉवर डिलिव्हरी’ हे शब्द माहितीपत्रकात हवेत. हल्ली काही स्वस्त मोठ्या मॉडेलांतही ते असतात, आणि दोन मॉडेलं बाकी सारखी असतील तर मी डोळे मिटून असलेलं घेईन.

प्रवास करणाऱ्यांची गोष्ट निराळी. मांडवी एक्सप्रेसने मुंबई म्हणजे सात-साडेसात तास. पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या सावकाश धावतात, त्यात भर. डब्यात चार्जिंगचा प्लग असतो, पण त्याच्यावर सहा जणांचा डोळा. मांडी हाच टेबल. खुर्च्यांच्या डब्यात पुढच्याने खुर्ची मागे झुकवली की १५.६ इंची झाकण पुरतं उघडत नाही, १४ इंची उघडतं. भोके सोडलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तिथे नेटवर्क गेलं तरी लिखाण चालू राहावं इतकी बॅटरी हवी. आणि गणपतीत? गणपतीच्या गर्दीत बॅग पाठीवर नसते, पोटाशी धरलेली असते, तीही उभ्याने. त्या वेळी ते तीन आंबे तीस आंब्यांएवढे होतात. महिन्यातून दोनदा मुंबई-पुण्याची वारी करणाऱ्याने, हॉस्टेलला जाणाऱ्याने, गावोगाव सर्व्हे करणाऱ्याने छोटाच घ्यावा. पैसे कमी पडत असतील तर सहा महिने थांबावं, पण मोठा घेऊन वाहू नये. ओझं वाहण्याची हौस तशी जुनीच. १९८१मध्ये ऑस्बोर्न वन नावाचा कॉम्प्युटर ‘उचलून नेता येणारा’ म्हणून विकला गेला. वजन ११ किलो, पडदा पाच इंची, आत बॅटरी नाही. लोकांनी तोही उचलला म्हणा.

आपल्या हवेबद्दल दोन शब्द, कारण हे परीक्षणं लिहिणाऱ्यांना ठाऊक नसतं. मिऱ्या, मांडवी, भाट्ये, समुद्राच्या अंगाला राहणाऱ्यांच्या घरात खारी हवा. जुलैमध्ये कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तशीच लॅपटॉपच्या बॅगेतही येते. पावसाळ्यात लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवणं ही सगळ्यात वाईट काळजी. रोज तासभर चालू करा. आतल्या उबेने दमटपणा जातो. भिंतीला टेकवून ठेवू नका. बाहेर नेताना मात्र बॅगेच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी हवीच. बॅगेवरचं रेनकोटाचं कव्हर स्कूटरवर वाऱ्याने केव्हा उडतं ते कळत नाही.

महागड्या धातूच्या लॅपटॉपची एक इथली खोड सांगतो. जुन्या कौलारू घरात अर्थिंग नसतं, किंवा भिंतीत तिसरं भोक असतं पण त्यामागे वायर नसते. अशा ठिकाणी चार्जिंगला लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं होतं. लोक लॅपटॉप बदलून मागतात. दोष बहुतेक वेळा घराचा असतो. प्लॅस्टिकच्या स्वस्त लॅपटॉपवर हे जाणवत नाही एवढंच. वायरमनला बोलवा. आणि मे आणि ऑक्टोबरमध्ये विजा चमकायला लागल्या की लॅपटॉप कोणताही असो, प्लग काढा.

सर्व्हिसचा प्रश्न मी किमतीइतकाच महत्त्वाचा मानतो. माझी बिजागरी तुटली तेव्हा कळलं की माझी वॉरंटी ‘आणून द्या’ प्रकारची होती. आणून द्यायचं ते कोल्हापूरला. आंबा घाटातून १३० किलोमीटर, दोन फेऱ्या, शिवाय एकोणीस दिवस भाड्याच्या मशीनवर काम. तेव्हापासून मी पहिला प्रश्न हा विचारतो: ४१५६१२ या पिनकोडला माणूस घरी येतो का? कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून हे तपासता येतं. विकणाऱ्याच्या तोंडी ‘हो’वर विसंबू नका. येत असेल तर तीन वर्षांची घरपोच वॉरंटी पैसे मोजून घ्या. मोठा लॅपटॉप घेऊन वाचवलेल्या पैशांतले चार-पाच हजार इथे घालणं, आणि थोडे रॅमवर, हा त्या पैशांचा सगळ्यात चांगला उपयोग. पाण्याने किंवा पडून झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत येत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. हॉस्टेलला जाणाऱ्यासाठी ते घ्याच.

ज्यांचं बजेट चाळीस हजार आहे पण लॅपटॉप रोज उचलायचाय, त्यांची खरी पंचाईत. त्यांनी ऑफिसांतून निघालेले, दुरुस्त करून हमीसह विकले जाणारे १४ इंची लॅपटॉप बघावेत. धातूची चौकट, दणकट बिजागरी, बरा कीबोर्ड, वजन दीड किलोच्या आसपास. दोन गोष्टी तपासा. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा विंडोज ११ अधिकृतपणे चालणारं मशीनच घ्या. इंटेलचं असेल तर आठव्या पिढीच्या आधीचं नको. आणि बॅटरी नवी घातली आहे का ते लेखी घ्या.

उलट ज्यांना प्रवासही आहे आणि घरी डोळेही सांभाळायचेत, त्यांनी छोटा घेऊन घरी २२-२४ इंची मॉनिटर जोडावा. मी स्वतः आता तेच केलंय. प्रुफं मॉनिटरवर, प्रवासात छोटा. एकदम जमलं नाही, मॉनिटर दीड वर्षाने घेतला.

शेजाऱ्यांनी अखेर दोन्ही घेतले, पण एकाच वेळी नव्हे. लेकीला १४ इंची, १६ जीबीवाला, जूनमध्ये. स्वतःच्या बिलांसाठी १५.६ इंची, जुलैमध्ये, आंब्याचे पैसे हातात आल्यावर. गणपतीला लेक आली ती चार्जर पुण्यालाच विसरून. दुसऱ्या दिवशी असाइनमेंट पाठवायची होती. बापाचा चार्जर समोरच होता, पण गोल पिनेचा. तिने चुलत भावाच्या मोबाईलचा चार्जर लावला. ‘चार्जिंग सावकाश होत आहे’ अशी पाटी पडद्यावर आली आणि रात्रभर तशीच राहिली. सकाळी आरतीच्या आधी बॅटरी भरली होती.